अजून तीन फेऱ्या होत्या

बर्फावर मी पहिल्यांदा उतरले तेव्हा एकावन्न वर्षांची होते आणि चांगलीच बावळट होते. आता पासष्टी उलटली. बावळटपणा गेला असं मी म्हणणार नाही, पण हल्ली तो येताना लांबून दिसतो. तेव्हाच्या त्या बाईला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

ती बाई, म्हणजे मीच, तोवर दहा वर्षं व्हीलचेअरवर होती. दुबईच्या देऱ्यात आमची खानावळ होती, रोजचे चाळीस डबे. एके दिवशी इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि मी आमटीचं पातेलं घेऊन जिन्यानं निघाले. पाय घसरला. हात मोकळे असते तर कठडा धरता आला असता, पण आमटी सांडेल म्हणून पातेलं काही सोडलं नाही. पातेलं सरळ राहिलं, माझा कणा मोडला. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर मी पहिला प्रश्न कोणता विचारावा? "डबे पोचले का?" असल्या बाईला कोणीही गुंडाळू शकतं, हे तिथल्या तिथे कोणीतरी मला सांगायला हवं होतं.

गुंडाळणारा भेटला तो मॉलमध्ये. आमची नात तेव्हा पाच वर्षांची, तिथल्या बर्फाच्या रिंकवर स्केटिंग शिकायची. मी कठड्याशी तिचे बूट मांडीवर घेऊन बसायचे आणि "अगं, वाकून चाल, वाकून!" असं ओरडायचे. ती तिकडून "आजी, स्टॉप!" म्हणायची. एकदा तिचा क्लास सुटल्यावर बर्फाच्या एका कोपऱ्यात चार-पाच व्हीलचेअरवाले जमले. लांब काठ्यांनी मोठाले गोल दगड ढकलत होते. त्यातला एक खुर्ची वळवून थेट माझ्याकडे आला.

"काकू, नमस्कार. मराठी ऐकू आलं म्हणून आलो."

काकू! तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. रुवैसच्या रिफायनरीत मोठा इंजिनिअर होता. हायवेवर गाडी उलटली आणि पायांतली ताकद गेली. आवाजातली गेली नव्हती. या खेळाची टीम त्यानंच जमवली होती, कॅप्टनही तोच.

"खांदे दणकट दिसतात तुमचे," तो म्हणाला. "येता का खेळायला?"

माझे खांदे दणकट आहेत असं आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं तर नाहीच. मी तिथेच विरघळले.

खेळ सांगते, सोपा आहे. बर्फावर लांब तिकडच्या टोकाला एक मोठा गोल काढलेला असतो. इकडून वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड काठीनं ढकलायचा, आणि तो त्या गोलाच्या मध्याशी जाऊन थांबला पाहिजे. समोरचेही ढकलतात, आपला उडवतात, आपण त्यांचा उडवतो. सगळे दगड टाकून झाले की एक फेरी झाली. मध्याच्या जास्त जवळ ज्यांचे दगड, गुण त्यांचे. अशा आठ फेऱ्या. पायांवर खेळणारे लोक दगडापुढे झाडू घासत पळतात, म्हणजे तो लांब जातो. आमच्यात झाडू नाही. एकदा काठीतून सुटला की सुटला. ढकलताना आपली खुर्ची मागे सरकू नये म्हणून साथीदारानं आपल्या पाठीशी खुर्ची लावून ती गच्च धरायची. बस्स.

चाळीस जणांची कणीक मळलेले माझे खांदे या कामाला आले. महिन्याभरात दगड गोलात जायला लागला. मी तर स्वतःवरच खूश. घरी फोनवर बहिणीला सांगायचे, "अगं, त्यांनी मला गर्दीतून निवडलं!" सकाळी सहाला, रिंक लोकांना उघडायच्या आत, आम्हाला बर्फ मिळायचा. इंटरनॅशनल सिटीतल्या घरातून पाचला टॅक्सी करून मी निघायचे, मांडीवर सगळ्या टीमसाठी साबुदाणा वड्यांचा डबा. तीन वर्षं. एक दिवस चुकला नाही.

चौथ्या वर्षी एक मुलगी आली. बँकेत नोकरी, अठ्ठावीस वर्षांची, हात अगदी सुरेख. ती आली त्याच आठवड्यात, सराव सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी, सगळ्यांसमोर कॅप्टन मला म्हणाला, "काकू, तुम्ही आता आराम करा. फक्त डबा तेवढा चालू ठेवा हं. तुमच्या वड्यांशिवाय टीम चालायची नाही."

मी काय म्हणाले असेन?

"हो, हो. चटणी कोणती आणू?"

खरंच म्हणाले. आणि पुढलं वर्षभर वडे नेले. ज्या टीमनं मला बाहेर काढलं तिला रोज पहाटे उठून वडे तळून घातले, कठड्याबाहेर बसून टाळ्या वाजवल्या. त्या बाईची आठवण झाली की आजही मला वाटतं, तिच्या खुर्चीचे ब्रेक काढावेत आणि उतारावर सोडून द्यावं.

खरी गोष्ट कळली ती त्या मुलीकडूनच. बिचारीनं सहज सांगितलं. लिफ्टची वाट बघत होतो.

"काकू, मला गिल्टी वाटतं हो. पण टीममध्ये एक तरी बाई लागतेच ना, रूल आहे. मी यायच्या आधी तुम्ही होतात म्हणून तर टीमला खेळता आलं."

"रूल?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

लिफ्ट आली, गेली. मी आत गेलेच नाही.

म्हणजे खांदे वगैरे काही नव्हतं. त्याला एक बाई हवी होती, कोणतीही चालली असती. कठड्याशी बूट घेऊन बसलेली मी जवळ सापडले. मी तीन वर्षं स्वतःला खेळाडू समजत होते आणि त्याच्या कागदावर मी एक रकाना होते. तो भरला की झालं.

इथे सरकारी भाषेत आम्हा अपंगांना 'पीपल ऑफ डिटर्मिनेशन' म्हणतात. दारावर, पार्किंगवर, सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते वाचून नेहमी हसू यायचं. त्या दिवसापासून आलं नाही. माझा निश्चय ठरला होता: या माणसाला त्याच बर्फावर, सगळ्यांसमोर, पार शेवटच्या फेरीपर्यंत झिजवून हरवायचं. डबा दुसऱ्या दिवशीच बंद केला. तब्येतीचं कारण दिलं.

"काळजी घ्या काकू," तो म्हणाला. "वय झालं की होतं असं."

हेही मी जपून ठेवलं.

संधी यायला बराच काळ गेला. मग टीम ज्या क्लबची, त्या क्लबमध्ये दोघांचा खेळ सुरू झाला: जोडीत एक पुरुष, एक बाई. फेरीला प्रत्येक जोडीचे पाच दगड. पहिला आणि पाचवा एकानं टाकायचा, मधले तीन दुसऱ्यानं. क्लबनं जाहीर केलं, की जिंकणारी जोडी परदेशी स्पर्धेला जाईल. कॅप्टननं अर्थात त्या मुलीला घेतलं. मला पुरुष हवा होता, आणि या वेळी शोधत मी निघाले.

सापडला तो देऱ्यात. रत्नागिरीकडचा, घड्याळं दुरुस्त करायचा, लहानपणीच्या पोलिओमुळे खुर्चीवर. आमच्या खानावळीचा डबा घेणारं जुनं गिऱ्हाईक. मी त्याला भाई म्हणते, तो मला आपा. डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास केसाएवढा स्क्रू फिरवणारा माणूस. मला हवा होता तसलाच हात.

"आपा, बर्फावर दगड?" तो म्हणाला. "ह्या वयात तुमचा चाललाय तरी काय?"

"एका माणसाला हरवायचंय."

त्यानं भिंग काढलं. "कोणाला?"

मी सगळं सांगितलं, खांद्यांपासून वड्यांपर्यंत. तो इतका हसला की दुकानातल्या गिऱ्हाइकानं वळून बघितलं. मग म्हणाला, "यल्ला. येतो."

दोन वर्षं आम्ही घासली. मॉलचा बर्फ सरळ नसतो हे मला कठड्याबाहेर बसलेल्या त्या फुकट वर्षानं शिकवलं होतं. शनिवार-रविवारी वाढदिवसाच्या पार्ट्यांतली पोरं एकाच कोपऱ्यात गोल गोल फिरतात, सोमवारी सकाळी तिथे बशीसारखा खोलगट भाग झालेला असतो. दगड तिथून गेला की आपोआप डावीकडे वळतो. कॅप्टन इंजिनिअर, त्याचा विश्वास कोनांवर. माझा पोरांवर. भाईनं मधले तीन दगड घेतले, मी पहिला आणि पाचवा. शेवटचा दगड मला माझ्याच हातानं मारायचा होता.

भाईचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्याला सूडाशी देणंघेणं नव्हतं. त्याला जायचं होतं. चाळीस वर्षांत देश म्हणजे त्यानं रत्नागिरी आणि देरा एवढंच पाहिलेलं. मे महिन्यात, बाहेर रस्ता वितळत असताना, त्यानं नैफच्या बाजारातून जाड लोकरी कोट आणला, दुकानात खिळ्याला अडकवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला, "इन्शाल्ला, थंडीत जायचाय."

सामन्याचा दिवस सोमवार पडला. मला हवा तो बर्फ. पाच फेऱ्या झाल्या तेव्हा आमचे सात गुण, त्यांचे दोन. मी ढकलला की दगड बशीत उतरायचा, डावीकडे वळायचा आणि त्यांच्या दगडामागे जाऊन दडायचा. कॅप्टन काठी मांडीवर आपटत होता. कठड्यापलीकडे क्लबची पंचवीस-तीस माणसं. माझी नात पण होती, आता चौदाची. मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आणि सहाव्या फेरीच्या आधी कॅप्टननं उजव्या हाताचा मोजा काढायला घेतला.

आमच्या खेळातली ही रीत आहे. आपण आता जिंकत नाही हे कळलं की शेवटपर्यंत रेटत बसायचं नाही. मोजा काढायचा, समोरच्याला हात द्यायचा, खेळ तिथेच संपतो. आणि मग जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला चहा पाजायचा. सभ्य माणसांचा खेळ आहे.

मी सभ्य नव्हते. मी आठ फेऱ्यांचा हिशेब करून आले होते. इतक्या वर्षांनंतर हा माणूस पाचातच सुटणार? मोजा काढून, हसून, चहा पिऊन घरी?

"अहो, हे काय!" मी ओरडले. "इतक्यात? खेळा हो साहेब, लोक बघायला आलेत. अजून तीन फेऱ्या आहेत!"

तो थांबला. त्या मुलीकडे बघितलं. मोजा परत चढवला.

मागून माझी खुर्ची धरलेला भाई पुटपुटला, "आपा, तो हात देत होता."

"देऊ दे की नंतर."

पण कॅप्टननं पुन्हा मोजा काढू नये म्हणून त्याला थोडी आशा दाखवणं भाग होतं. खानावळ चालवलेली बाई आहे मी. गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून काय वाढायचं ते मला कळतं. सहाव्या फेरीत माझे दोन्ही दगड मी जरा जोरात सोडले. गोलातून पार निघून गेले. "अगं बाई, सुटला हातातून!" असं म्हणालेसुद्धा. त्यांना तीन गुण मिळाले. सात-पाच. कॅप्टन खुर्चीत ताठ बसला. मला गुदगुल्या.

सातव्या फेरीत मी खरंच खेळले. पण तोवर दहा वाजले होते. मॉल उघडला, दिवे लागले, दारं उघडी पडली. बर्फाला घाम फुटला. ओल्या बर्फावर दगड अडतो. भाईनं जोर वाढवून आपले नीट ठेवले. मी मात्र पुढल्या मजेच्या विचारात. माझा शेवटचा दगड गोलाच्या अलीकडेच थांबला. त्यांना एक. सात-सहा.

आठवी फेरी. माझा पाचवा, सामन्याचा शेवटचा दगड. त्यांचे दोन दगड मध्याशी बसलेले, त्यातला मधला उडवून माझा तिथे बसला की आम्ही जिंकलो. भाईनं खुर्ची इतकी गच्च धरली की त्याच्या बोटांचा दाब मला पाठीला जाणवत होता. मी बशीचा अंदाज घेऊन उजवीकडे सोडला. बशी आता उरली नव्हती, पाण्यानं भरून सपाट झाली होती. दगड सरळ गेला. अगदी सरळ, दोन्ही दगडांच्या शेजारून, कशालाही न शिवता.

सात-आठ.

भाईनं माझी खुर्ची सोडली. हळूच सोडली, तेच वाईट.

"सहाव्या फेरीत," तो म्हणाला, "तुमच्या हातून सुटला नव्हता."

"नाही."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तो काठी घेऊन निघून गेला.

रीतीप्रमाणे चहा जिंकणाऱ्यानं आणायचा. कॅप्टन मांडीवर ट्रे घेऊन आला, कागदी कपांत करक चहा. आणि काय म्हणाला ऐका: "काकू, मी तर हात देऊन टाकला होता. तुम्ही नको म्हणालात. असं मन लागतं हो! आमची तयारी व्हावी म्हणून खेळत राहिलात."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? की नाही हो, मी तुम्हाला छळत होते? चहा प्यायले. संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर त्यानं तेच लांबलचक लिहिलं, खाली टाळ्यांचे हात, फुलं. नातीनं ते वाचून माझ्याकडे बघितलं. "आजी, यू वॉन्टेड टु टॉर्चर हिम, राइट?" तेवढी एकच घरात शहाणी निघाली.

तो आणि ती मुलगी परदेशी गेले. भाईचा कोट खिळ्यालाच राहिला.

तीन आठवडे मी देऱ्यात गेले नाही. फोन केला की तो "गिऱ्हाईक आहे" म्हणायचा. शेवटी गेलेच. त्यानं भिंग काढलं नाही, मान वर केली नाही.

"भाई, चूक झाली."

"चूक नाय. तुम्ही मुद्दाम केलात."

"हो. मुद्दाम केलं."

"मला सांगितला असतात तर मी घरी बसलो असतो. तुमचा माणूस तुम्हाला मिळाला असता छळायला. माझी दोन वर्षां कशाला घेतलात?"

कॅप्टनला एक बाई हवी होती, कोणतीही. मला एक पुरुष हवा होता. फरक एवढाच की मी घड्याळजी बघून घेतला. हा विचार मला त्या दुकानात बसल्या बसल्या आला आणि अजिबात आवडला नाही. कॅप्टनवरचा राग त्यानं कमी झाला, असं मात्र कोणी समजू नये.

त्यानं हातातलं घड्याळ बंद केलं, कानाला लावलं.

"पुढल्या वर्षी खेळायचा असेल तर ऐका. पाचवा दगड माझा. मधले तुमचे. आणि समोरच्यान मोजा काढलान की त्याच मिनिटाला हात द्यायचा. तोंडातून शब्द नाय. कबूल असेल तर बसा, नसेल तर टॅक्सी बोलावतो."

त्याला माझ्यावर सूड घ्यायचा हक्क होता, आणि त्यानं बरोबर जागा धरून घेतला. मी बसले.

वर्षभर मी मधले दगड टाकले आणि त्याच्या शेवटच्या दगडासाठी त्याची खुर्ची धरली. मागून धरणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, नुसती मान दिसते. त्यानं एकदाही मागे वळून "कसा होता?" विचारलं नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण पाचवा दगड तो माझ्यापेक्षा फार चांगला टाकतो. मी हावरेपणानं टाकायचे. तो स्क्रू बसवल्यासारखा टाकतो.

पुढल्या सामन्याला बर्फ कसला होता ते मला आठवतही नाही, कारण त्यानं काही फरक पडला नाही. पाच फेऱ्यांत आमचे नऊ, त्यांचा एक. कॅप्टनचा खांदा दुखत होता, दर दगडामागे तो चोळत होता. कठड्यापलीकडे पुन्हा सगळा क्लब. सहावी सुरू व्हायच्या आधी त्यानं मोजा काढला.

माझी जीभ वळवळत होती हो. अजून तीन फेऱ्या होत्या! नऊ-एकचे बारा-एक झाले असते, पंधरा झाले असते. त्याची ती मान अजून जरा वाकली असती. तेवढ्यात माझ्या खुर्चीच्या हँडलवर भाईचा हात पडला. नुसता पडला, पण वजनानं पडला.

मी तोंड मिटलं. कॅप्टननं आधी भाईला हात दिला, मग माझ्यापुढे केला. आता हात देताना मोजा काढावा लागतो, आणि तो किती वेळात काढावा याबद्दल भाईनं काही अट घातली नव्हती. मी करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट. अंगठ्याशी जरा अडलंच. तेवढा वेळ त्याचा उघडा हात त्या गारठ्यात तसाच पुढे होता, आणि सगळा क्लब बघत होता.

"खलास, आपा," मागून भाई म्हणाला.

मग दिला.

चहा मी आणला. कॅप्टन कप खाली ठेवून म्हणाला, "काकू, खरं सांगू? पहिल्यांदा तुम्हाला टीममध्ये घेतलं तेव्हा मला वाटलं नव्हतं."

"काय वाटलं नव्हतं?"

"की तुम्ही खेळाल."

इतक्या वर्षांनी खरं बोलला. लोक म्हणतील, झालं, आता मन निवलं असेल. नाही निवलं. उलट वाटलं, हे जर पाचव्या फेरीनंतर कबूल करतोय, तर आठव्यानंतर काय काय बोलला असता!

भाईला घेऊन मी परदेशी गेले. दुसऱ्याच सामन्यात हरलो आणि भाई कोट घालून तीन दिवस तिथल्या रस्त्यांवर हसत फिरला. त्याचं झालं.

माझं राहिलंय. माझी लेक सांगते, "आई, सूडानं पोट भरत नाही गं." माझं भरलं नाही हे खरं आहे, पण ते वाढलंच कमी म्हणून. आठाची भूक आणि पाचाचं ताट.

कॅप्टन खांद्यासाठी फिजिओकडे जातो. या मोसमात उतरणार की नाही हे अजून ठरत नाही म्हणाला. मी दर रविवारी न चुकता फोन करते. गावाहून तीळतेल मागवलं, गरम करून चोळायला पाठवलं, रात्री खांदा शेकायला सांगितला. परवा म्हणाला, "काकू, सख्खी बहीणसुद्धा एवढं विचारत नाही."

"चोळत जा दोन्ही वेळा," मी म्हटलं. "आठ फेऱ्या टिकला पाहिजे."